चंद्र निघेपर्यंतचे ड्रायव्हर

बारच्या टेबलाच्या एका कडेला काही ग्लास पालथे घालून ठेवलेले दिसले. बाकीचे ग्लास भरून जात होते, रिकामे होऊन परत येत होते, धुतले जात होते. या ग्लासांना मात्र कुणी हात लावत नव्हतं. मी बारमन अशोकला विचारलं, "हे काय?"

"उपासवाल्याचे हायेत मॅडम," तो लिंबू कापता कापता म्हणाला. "चंद्र दिसला की भरायचे म्हणलेत. मंग गर्दीत मिळत न्हाईत, म्हणून आधीच बाजूला काढून ठेवायला लावलेत."

मी ग्लास मोजले. सात होते. त्या संध्याकाळी आमच्या लॉनवरून माणसं घरी नेणाऱ्या गाड्याही सातच होत्या आणि त्यांच्या चाव्या याच उपासवाल्यांच्या खिशात होत्या. त्या मीच दिल्या होत्या, आणि देताना स्वतःवर भलतीच खूश होते.

संभाजीनगर रोडवर जालना एमआयडीसी ओलांडली की लागणारं एक लॉन मी चालवते. लॉन म्हणजे नुसतं गवत नव्हे. गवत आहेच, पण त्याबरोबर स्टेज, हॉल, स्वयंपाकघर, जनरेटर आणि पार्किंगही आहे. मालक वेगळे, मी मॅनेजर. लग्नं, साखरपुडे, बारशी, बियाणे कंपन्यांच्या डीलर मीटिंगा, सगळं होतं आमच्याकडे. लोक मला इव्हेंटवाल्या मॅडम म्हणतात. घरी माझी ख्याती वेगळी आहे. दूध उतू जातं आणि मी खिडकीतून ढग बघत उभी असते, असं माझे मिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ते खोटं नाही. पण कामावर मी तशी नसते, निदान नसायचा प्रयत्न करते.

वैभव आला होता तो एका कॉलेजच्या जुन्या बॅचच्या वतीनं. हा स्टीलच्या मिलमध्ये इंजिनिअर. सगळे पस्तिशीच्या आसपासचे. दुपारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, सरांचे सत्कार, फोटो. "अन् संध्याकाळी थोडं बसायचं बी हाय, मॅडम," तो खुर्चीत पुढं सरकून हळूच म्हणाला. बसायचं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कॉलेजच्या आवारात असलं काही चालत नाही, म्हणून हे लोक बाहेरची जागा शोधत होते.

दारू असलेली पार्टी मी सहसा घेत नाही. घेतली तर माझ्या अटींवर. एक्साइजचं एक दिवसाचं लायसन्स काढायचं, म्हणजे त्या जागेत त्या दिवशी दारू देण्याची सरकारी परवानगी. बाटली पाहुण्यांच्या हातात द्यायची नाही. बारमन मापानं ओतणार आणि त्यालाच थांबवायचा अधिकार. बाहेरची बाटली आत आणायची नाही. पंचविशीच्या आतल्याला प्रवेश नाही, म्हणजे कॉलेजची आत्ताची पोरं दुपारचा चहा घेऊन घरी. ग्लासाबरोबर खाणं सुरू झालंच पाहिजे. आणि शेवटची अट, प्रत्येक गाडी चालवायला एक न पिणारा माणूस. ही अट सगळ्यात अवघड. 'मी दोनच घेतो, मला काही होत नाही' असं म्हणणारा माणूस प्रत्येक गाडीत असतो आणि नेमका तोच स्टिअरिंगवर बसतो.

वैभवनं सगळं मान्य केलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"मॅडम, घोळ झाला. शनिवारी संकष्टी आलीय. मटण कॅन्सल करा."

"आणि बार?"

"बारचा काय संबंध?"

मी हसले, पण त्यावर वाद घातला नाही. आमच्या भागात राजूरच्या गणपतीला फार मानतात. कितीतरी घरांत चतुर्थीचा उपास बापाकडून पोराकडे येतो आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेली पोरंही तो सोडत नाहीत. मी वैभवला विचारलं, तुमच्यात उपास करणारे किती? सात-आठ जण तरी निघतील, तो म्हणाला. आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. उपासाच्या दिवशी दारू नाही. म्हणजे ड्रायव्हर मिळाले. मी बॅचवाल्यांच्याच सात गाड्या ठरवल्या आणि त्या शनिवारी त्यांच्या चाव्या सात उपासवाल्यांना वाटून टाकल्या. इतकी सोपी व्यवस्था मला याआधी का सुचली नाही, याचंच नवल वाटत होतं.

शनिवार उजाडला. तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता आणि थंडी नुकती पडू लागली होती. संध्याकाळी लॉनच्या मागच्या शेतातला कापूस अंधारातही पांढरा दिसत होता. पलीकडच्या मोसंबीच्या बागेत पाणी सोडलेलं होतं, त्या ओल्या मातीचा गारवा गवतावरून सरकत येत होता. पूर्वेला एमआयडीसीतल्या मिलांचा धूर आडवा पसरलेला. बॅचमधल्या बायका सत्कार आणि फोटो आटोपून गेल्या होत्या. मागं उरलेले पुरुष कॉलेजातल्या नावांनी एकमेकांना हाका मारत होते. कुणाला टक्कल, कुणाला पोट, पण हाका त्याच जुन्या. मला अशा वेळी फार बरं वाटतं. आपण काही न करता कुणाच्या तरी आनंदाच्या काठावर उभं आहोत असं वाटतं, आणि माझी तंद्री लागते.

त्या तंद्रीतच फोन वाजला होता. नंबर ओळखीचा नव्हता.

"ताई, वडीगोद्रीहून बोलून राह्यले. दत्ताभाऊ हायेत ना तिथं, त्यांच्या घरून. सविता." आवाजात संकोच होता. "यांचा फोन लागून न्हाई राह्यला, म्हणून वैभवभाऊकडून तुमचा नंबर घेतला. येताना गाडी कोण आणणारे?"

"दत्ताभाऊच आणणार आहेत," मी म्हणाले. "त्यांचा उपास आहे, ते पीत नाहीत. तुम्ही बिलकुल काळजी करू नका. माझी जबाबदारी."

"तुमची म्हणता ना? मंग ठीके."

तिनं फोन ठेवला. आणि आता मी बारपाशी पालथ्या ग्लासांकडे बघत उभी होते.

चूक कुठं झाली ते एका क्षणात कळलं. संकष्टीचा उपास दिवसभराचा असतो हे मला माहीत होतं. तो चंद्र दिसला की सुटतो, हेही लहानपणापासून माहीत. पण हिशेब करताना मी ते साफ विसरले. माझे ड्रायव्हर फक्त चंद्र निघेपर्यंतचे होते. त्यानंतर सकाळपासून रिकामं असलेलं पोट, त्यात दोन पेग आणि पुढं हायवे.

मी त्यांना शोधायला गेले. ते पार्किंगजवळ, जनरेटरच्या आवाजात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. तिकडे लॉनवर हशा उसळत होता आणि इकडे हे सातजण पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन गाड्यांकडे बघत होते. दत्ताला मी कपाळावरच्या अष्टगंधावरून ओळखलं. वडीगोद्रीत त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. अंगानं दणकट, बोलायला मोकळा.

"दत्ताभाऊ, तुम्ही घेणार आहात का आज?"

"घेणारे की. दोनच."

"अहो, उपास आहे ना!"

"उपास चंद्रापर्यंत, मॅडम. चंद्र दिसला, नैवेद्य दाखवला, सुटला उपास. मंग आम्ही बी पाहुणेच ना तुमचे?"

"तुमच्या बोलेरोत पाच माणसं आहेत. वडीगोद्रीपर्यंत जायचंय."

"दर वेळेस असतेत." त्याचा आवाज बदलला. "कॉलेजात होतो तवापासून मीच सोडून राह्यलो ह्यायला. लग्न असू द्या, वाढदिवस असू द्या. दत्त्याला चतुर्थी असती, दत्त्याला गुरुवार असतो, दत्त्या चालवतो. घरोघर नेऊन टाकायचं, वकला तर गाडी धुवायची. एकानं तरी इचारलं का कधी, दत्त्या, तू काय खाल्लं?"

"काय खाल्लंय?" मी विचारलं.

"सकाळी दोन केळं अन् च्या."

त्याच्या शेजारचा राजूरकडचा शिक्षक होता, तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही बी न्हाई इचारलं, मॅडम. चाव्या दिल्या अन् हितं आणून बसवलं. आम्ही काय राखणदार हाओत का?"

मला फार लाज वाटली. पिणाऱ्यांसाठी भजी होती, पनीर होतं, भाजलेले शेंगदाणे, पापड, तीन प्रकारच्या चटण्या. न पिणाऱ्यांसाठी मी पाण्याची बाटली आणि गाडीची चावी ठेवली होती. लग्नात नवऱ्या मुलाच्या मावशीचा उपास आहे एवढं कळलं तरी मी धावत फराळाचं ताट पाठवते. इथं सात माणसं उपाशी बसली होती आणि माझ्या डोक्यात ती फक्त ड्रायव्हर म्हणून होती.

आधी मी सोपा मार्ग करून बघितला. ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्यांना फोन लावले. पण लग्नसराई सुरू झाली होती, सगळ्यांचे ड्रायव्हर कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडाबरोबर गेलेले. एकजण म्हणाला, "मॅडम, तुमच्याच लायनीतल्या लोकायनी नेले समदे."

मग मी वैभवला बाजूला घेतलं. त्याचा ग्लास अर्धा होता आणि चेहरा आनंदी.

"चंद्र निघायच्या आधी बार बंद करायचा," मी म्हणाले.

"काय बोलता मॅडम! दहापर्यंतचं लायसन्स हाय आपलं."

"लायसन्सचा अर्थ दहापर्यंत देता येते एवढाच. द्यायलाच पाहिजे असा नाही."

"पोरं चिडतील हो."

"चिडलेला माणूस घरी तरी पोचतो, वैभव."

त्यानं पार्किंगकडे नजर टाकली. तिथली खुर्च्यांची रांग त्यालाही बहुधा तेव्हाच दिसली. "दत्त्या तिथं काय करून राह्यला?" तो म्हणाला, आणि मी तडक स्वयंपाकघराकडे गेले.

आमचे आचारी शेषराव जिलबीच्या पाकापाशी होते. "फराळाचं काय होईल लगेच?" मी विचारलं.

"साबुदाणा तर आत्ता भिजून व्हायचा न्हाई, ताई. भगर टाकतो. शेंगदाण्याची आमटी जल्दी होती."

"आणि चंद्रोदयाला नैवेद्य लागेल. मोदक."

शेषरावांनी वर बघितलं. "आधी सांगायचं ना." मग स्वतःशीच पुटपुटले, "खोबरं हाय, गूळ हाय. तळणीचे करतो." एवढं बोलून त्यांनी जिलबीची कढई उतरवली आणि मला उंबऱ्याबाहेर काढलं. मला त्यांचा हा राग आवडतो, त्यात कामाला नकार कधीच नसतो.

हॉलमध्ये नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा होता. तो आणि बरोबरच्या सगळ्या गुबगुबीत खुर्च्या मी उचलून आणवल्या आणि लॉनच्या पूर्वेच्या कडेला, कापसाकडे तोंड करून मांडल्या. उपासवाल्यांना तिथं बसवलं. गरम भगर आणि आमटी आली. बारकडून बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. "दत्त्या, नवरदेव झाला की रे!" दत्तानं पहिल्यांदा मान खाली घालून हसू लपवलं. भगरीची वाफ त्याच्या तोंडावर येत होती. तो घाईघाईनं जेवत होता आणि मला ते बघवत नव्हतं.

अशोकनं लास्ट कॉल दिला. लास्ट कॉल म्हणजे बार बंद होण्याआधीची शेवटची हाक. मी माइकवरून सांगितलं की, आता एक-एक ग्लास घ्या, जेवण सुरू आहे, ज्यांना घ्यायचं त्यांनी घ्या. थोड्या वेळानं बार बंद होईल. त्यानंतर आपण सगळे मिळून चंद्राची वाट बघायची आहे.

कुरकुर झाली. कुणी म्हणालं, हे काय शाळेचं गॅदरिंग आहे का? पण वैभवनं आपला ग्लास टेबलावर ठेवला आणि सोफ्याकडे चालू लागला. त्याच्या मागं एकेक करून बाकीचे निघाले. अशोकनं टेबलावर पांढरी चादर अंथरली. मी माळांचे आणि स्टेजचे दिवे बंद करायला सांगितले, कारण उजेडात चंद्र बघायला मजा येत नाही. फक्त स्वयंपाकघराचा दिवा राहिला.

अंधार झाला आणि सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. माणसं गवतावर बसली, काहीजण आडवे झाले. गवत दवानं ओलं होतं, तरी कुणी उठलं नाही. मघाशी ऐकू येत नव्हतं ते सगळं आता ऐकू येऊ लागलं. दूर कुठं तरी पंप चालू होता, हायवेवरून ट्रक जात होते, कापसाच्या पिकात किडे किरकिरत होते. कुणीतरी कॉलेजातल्या एका सहलीची गोष्ट सांगायला लागला आणि मध्येच थांबला. ती पुरी व्हावी असं कुणालाच वाटलं नाही.

"निघाला!" एकजण ओरडला. क्षितिजावर लालसर उजेड फुगत होता. सगळे उठले, दोघांनी हातही जोडले.

"अरे बाबा, ती भट्टी हाय," वैभव म्हणाला. "आमच्याच मिलची. दाखवा तिला नैवेद्य, पगार तीच देती."

हशा पिकला. उजेड मावळला. मग पुन्हा सगळे शांत झाले. कुणीतरी मोबाइल काढला. "ह्याच्यात तर दाखवून राह्यलं, निघून बराच वेळ झाला म्हणून. चला, सोडा उपास."

"उपास मोबाइलचा न्हाई, माझा हाय," दत्ता म्हणाला. "डोळ्याला दिसल्याशिवाय न्हाई."

चंद्र धुराच्या मागं अडकला होता. आम्ही वाट बघत राहिलो. ती वाट बघणं मला अजून आठवतं. इतकी माणसं, सगळी मोठी झालेली, नोकरी-धंदा-पोरंबाळं असलेली, एका दिशेला तोंड करून गप्प बसली होती आणि कुणालाही कुठं जायची घाई नव्हती. मी कामावर आहे हे मी काही वेळ विसरले. मला माझं लहानपण आठवलं, आईच्या पदराला धरून गच्चीवर उभं राहून असाच बघितलेला चंद्र आठवला. मी डोळे पुसले. बरं झालं अंधार होता.

मग धुराच्या वरच्या कडेला तो आला. तांबूस, एका बाजूनं झिजलेला, मोठा. कुणी ओरडलं नाही. प्यालेल्यांनी आणि उपाशांनी सगळ्यांनीच हात जोडले. मी उपास करत नाही, मीही जोडले. शेषराव मोदकांचं ताट घेऊन आले आणि त्या शिक्षकानं नैवेद्य दाखवला.

मग पंगत बसवली. पंगतीला फक्त सातजण, वाढायला बाकीची सगळी बॅच. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच सुरू केलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, ठेचा, जिलबी, मोदक. प्यालेल्या माणसाचा आग्रह काय असतो ते त्या सातजणांना विचारा. "दत्त्या, माझ्या गळ्याची शपथ, एक बट्टी!" बट्टीवर तुपाची धार पडायची ती अर्धी शर्टावर पडत होती. दत्ता हसत होता, ताटावर आडवे हात धरत होता. जेवणं झाली तेव्हा बहुतेक उपासवाल्यांना उठवेना. "आता पाणी प्यायला बी जागा न्हाई," एकजण म्हणाला. अशोकनं पालथे ग्लास क्रेटमध्ये भरले. माझ्या जीवात जीव आला.

गाड्या निघायला लागल्या, म्हणून मी पार्किंगकडे गेले. एका गाडीची डिकी उघडी होती आणि आत दिवा लागला होता. वैभव आणि दत्ता तिथं उभे. वैभवच्या हातात बाटली, डिकीत स्टीलचे दोन पेले.

"वैभव!"

"मॅडम, तुमचा बार बंद हाय ना? ही माझी हाय. पर्सनल." तो चोरी पकडल्यासारखा हसला. पण दुसऱ्याच क्षणी गंभीर झाला. "इतक्या वर्षांत ह्याला एकदा बी पाजली न्हाई मॅडम आम्ही. आज मला लाज वाटून राह्यली. एकच देतो."

मला राग आला होता, पण त्याच्यावर धड रागावताही येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला दत्ताचा विचार आला होता आणि ती दाखवायची त्याला हीच एक रीत माहीत होती.

"दत्ताभाऊ," मी म्हणाले, "सविताताईंचा फोन आला होता."

त्याचा पेल्याकडे गेलेला हात थांबला. "काय म्हणाली?"

"गाडी कोण चालवणार, ते विचारलं. मी म्हणाले, दत्ताभाऊ. तर म्हणाल्या, मंग ठीके."

डिकीतल्या दिव्याभोवती चिलटं फिरत होती. त्याला खूप प्यायचं होतं असंही मला वाटलं नाही. त्याला ती एक संध्याकाळ हवी होती, जिच्यात त्याला कुणाला कुठं सोडायचं नाही.

"अर्धाच घेतो," तो म्हणाला.

"अर्धाही नाही. पण ऐका. प्यायची असेल तर चावी माझ्याकडे द्या आणि ऐटीत प्या. दहा वाजायला अजून वेळ आहे, मी अशोकला टेबल उघडायला लावते, खुर्चीत बसून घ्या. तुम्ही सहाच्या सहा जण आज इथंच हॉलमध्ये झोपा. लग्नाच्या गाद्या आहेत, रग आहेत. नाहीतर चावी ठेवा आणि पेला सोडा. दोन्ही मिळणार नाही."

वैभव काहीतरी बोलायला गेला. मी त्याच्या हातातून बाटली घेतली आणि डिकी लावून टाकली.

दत्तानं खिशातून चावी काढली. ती तळहातावर एकदा उलटी-सुलटी केली. मग माझ्या हातात दिली. "न्हाई जात आज," तो म्हणाला. "बोलावा अशोकला."

बोलेरोतल्या पाचजणांनी गोंधळ घातला. "मंग आम्ही कसं जायचं?" "तुम्ही जायचंच नाही," मी सांगितलं. अशोकनं चादर उचलली, क्रेटमधला एक ग्लास काढून सुलटा केला आणि मापानं ओतला. ते बघून राजूरकडचा शिक्षकही पुढं सरकला, तर त्याच्या गाडीतल्या चौघांनी त्याला दंडाला धरून गाडीत नेऊन बसवलं. त्यांना रात्रीच घरी पोचायचं होतं. दत्ता लाल सोफ्यावर बसला, पाय लांब करून, चंद्राकडे तोंड करून. दोन पेग त्यानं खूप वेळ पुरवले.

एक काम राहिलं होतं. मी हॉलच्या पायरीवर बसून वडीगोद्रीला फोन लावला. शब्द दिला होता आणि तो जसाच्या तसा पाळला गेला नव्हता.

"ताई, दत्ताभाऊ आज येत नाहीत," मी म्हणाले. "ते घेताहेत. पण गाडीची चावी माझ्याकडे आहे. सगळे इथंच झोपणार."

मला वाटलं, आता रडेल किंवा शिव्या देईल.

"पिऊन राह्यलेत का?" सविता म्हणाली, आणि हसली. "पिऊ द्या. दर वेळेस लोकाच्या पोरायला घरोघर सोडतेत अन् घरी येऊन माझ्यावर चिडतेत. एकदा त्यांना बी होऊ द्या." मग थांबून विचारलं, "ताई, पांघरूण हाय का पण? त्यांना थंडी बाधती."

मी स्टोअरमधून आणखी एक रग काढून दत्ताच्या गादीवर टाकला.

सकाळी धुकं होतं. शेषरावांनी पोहे केले. दत्ता ताजातवाना उठला, बाकीच्या पाचजणांची डोकी धरली होती. चहा झाल्यावर मी त्याला चावी परत दिली आणि बोलेरो हॉर्न वाजवत रस्त्याला लागली.

तेव्हापासून दारूची पार्टी घेताना मी काही बदल केलेत. चालवणाऱ्यांची पंगत सगळ्यात आधी बसते आणि त्यांना वाढायला मी स्वतः उभी राहते. कुणाचा मूड बदलला तर चावी द्या, ग्लास घ्या. अजून तरी सगळे घरी पोचलेत, कुणी त्याच रात्री, कुणी दुसऱ्या दिवशी. परवा एका बॅचचा प्रतिनिधी आला. त्यानं बसल्या बसल्या विचारलं की, बारला काय काय ठेवाल. मी म्हटलं, ते नंतर बघू. आधी सांगा, झोपणार किती?